वर्षाच्या आतला सण

दादा,

रडून झालं. तेराव्यापर्यंत रीतसर रडले, सगळ्यांच्या देखत. आज तू जाऊन अठरा दिवस झाले आणि आज मला नुसता राग येतोय. तो कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढते. लहानपणापासून तीच सवय आहे. तूच लावलीस, आता ऐकून घे.

पहिला राग तुझ्या छातीचा. दोन महिने तू जिना चढताना मध्येच थांबायचास, हे मला कुणी सांगितलं? तुझ्या चाकणच्या कंपनीतल्या पोरांनी, तेही स्मशानात. "साहेब म्हणायचे, गॅस झालाय राव, भट्टीजवळ उभं राहून होतं तसं." अरे, लोखंडाचा रंग बघून भट्टी किती तापलीय ते तू सांगायचास आणि मीटर नंतर बघायचास. तुला स्वतःच्या छातीतलं कळलं नाही? कळलं होतं. मी ओरडले असते म्हणून सांगितलं नाहीस. ओरडायचंच होतं मला. ओरडून, हाताला धरून, रिक्षात घालून न्यायचं होतं. तो हक्क तू मला दिला नाहीस.

दुसरा राग बापूवर. धाकट्या काकांच्या या बापूनं तुझं सगळं केलं. अग्नी दिला, डोकं भादरलं, रजा टाकून दहा दिवस पळापळ केली. त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण तेराव्याला पंगत उठल्यावर हात पुसत पुसत तो मला म्हणाला, "ताई, आता दादांचं पुढं काही नस्तंय. लग्न न्हाई, लेकरू न्हाई. पित्रात त्यांचं पान वाढणार कोण?"

तो वाईट बोलला नाही. त्याला ते खरंच तसं वाटतं. बीडहून येताना आपल्या बापांनी जे गाठोडं आणलं त्यात हे पण आलं, आणि त्यानं ते जपून ठेवलंय. पण माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं बाकी होतं. ज्या माणसानं दोन्ही घरांच्या आजारपणात, बाळंतपणात, रात्री-अपरात्री गाडी काढली, त्याला मेल्यावर एक पान नाही? का, तर त्यानं मुंडावळ्या बांधल्या नाहीत? आणि मी? मी सख्खी बहीण, डांगे चौकात मेस चालवते, रोज साठ माणसांचे डबे भरते, आणि माझ्या भावाला एक ताट वाढायला मी चालत नाही, कारण मी दिलेली मुलगी.

तेव्हा मला तुझा सण आठवला. इतकी वर्षं ज्याची मी टिंगल केली तोच.

कंपनीनं तुला आठ महिन्यांसाठी आयर्लंडच्या प्लांटवर पाठवलं, त्याला आता सात वर्षं झाली. गेलास तेव्हा बॅगेत चटण्या आणि मेतकूट होतं. आलास तेव्हा बॅग रिकामी आणि डोक्यात एक सण. तिथे तू एका खेड्यात नोरा नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्यानं राहत होतास. नवरा गेलेला, चार गायी, आणि तुझ्यासारखाच हट्टी स्वभाव. तिनं तुला काय सांगितलं ते तू आल्या दिवसापासून प्रत्येकाला सांगत सुटलास. सोसायटीच्या खाली हॅलोविनचे फुगे बांधलेले दिसले की तुझा आवाज चढायचा.

"प्लॅस्टिकचे सांगाडे लावून काय होतंय? त्याचं मूळ नाव साविन आहे, साविन!"

मग तू सुरू व्हायचास. शेतातलं शेवटचं पीक घरात आलं, डोंगरावर चरायला गेलेली गुरं खाली गोठ्यात आली, की त्या लोकांचा उन्हाळा संपला. एकतीस ऑक्टोबरला सूर्य मावळला की हिवाळा लागला. त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा, तसं त्यांचं वर्षही अंधारातच सुरू व्हायचं. जुन्या काळी म्हणे त्या दिवशी घराघरातल्या चुली विझवायचे, टेकडीवर एकच मोठी आग पेटवायचे आणि तिचा विस्तव घरोघरी न्यायचे. "आपण होळीचा नेतो तसा," तू म्हणायचास, आणि तुझे डोळे चमकायचे. भट्टीवाला ना तू. तुमची भट्टी वर्षातून एकदाच थंड व्हायची, दिवाळीच्या शटडाऊनला, आणि ती पुन्हा पेटवायला तू सुट्टी अर्धी टाकून जायचास. यंदा ती तुझ्याशिवाय पेटली. पोरांनी मला फोन करून सांगितलं. 

आणि त्या एका संध्याकाळी, तू सांगायचास, गेलेली माणसं घरी येतात. घाबरवायला येत नाहीत, जेवायला येतात. म्हणून दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायचं. एक ताट जास्तीचं मांडायचं. नोराबाई दर रविवारी चर्चला जाणारी, पण त्या संध्याकाळी नवऱ्याची खुर्ची शेकोटीकडे वळवून ठेवायची, पुढ्यात ताट मांडायची आणि जेवता जेवता त्याच्यावर कुरकुर करायची, की कुंपण दुरुस्त न करताच गेलास. हे सांगताना तू हसायचास. "ती पाया पडत नाही गं त्याच्या. भांडते. मला ते फार आवडलं."

मी काय म्हणाले होते आठवतंय? "आपल्याकडे पंधरा दिवसांचा पितृपक्ष आहे, तो पुरत नाही वाटतं? म्हणजे आता परदेशी भुतं पण आणायची घरात?" सगळे हसले. मीच जास्त हसले. माझ्याच विनोदाला.

पहिल्या वर्षी तू मला चिंचवडच्या फ्लॅटवर बोलावलंस. तिकडे पूर्वी भोपळा नसायचाच, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तुला सलगम काही मिळालं नाही, म्हणून तू नवलकोल कोरायला घेतलास. तीन फुकट गेले. चौथ्याला चेहरा आला तो हुबेहूब आपल्या भूमितीच्या सरांचा. मी म्हटलं, हे सर बघून मेलेलं माणूस जिन्यातूनच परत जाईल. तू चकोल्या केल्या होत्यास. वरणातल्या, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल घातलेल्या. तिसरं ताट मांडलंस आणि दार लोटून ठेवलंस. मला वाटलं, ताट बाबांचं.

आणि दार ढकलून कोण आलं, तर तुमच्या सोसायटीचे चेअरमन. खालच्या पार्टीतून थेट, अंगात काळा झगा, तोंडाला पावडर, ओठांना लाल रंग. "दार उघडं दिसलं म्हणून म्हटलं बघावं," म्हणाले, आणि वास घेत थेट ताटावर बसले. "वा, चकोल्या! आमची आई करायची." मी तोंड उघडलं तर तू मला डोळ्यांनी गप्प केलंस. वरून दोनदा वाढलंस त्यांना. ते ढेकर देऊन गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. मेलेल्या माणसाचं ताट जिवंत माणसानं उष्टं केलं, आणि हा वाढतोय!

तू शांतपणे म्हणालास, "अगं, मुखवटे त्याच्यासाठीच तर घालायचे. त्या संध्याकाळी जिवंत कोण आणि गेलेलं कोण, ओळखू येऊ नये म्हणून. दारात जो आला त्याला वाढायचं. बस."

"पण ताट कुणाचं होतं? बाबांचं ना?"

"शोभाचं," तू म्हणालास.

मी किती वर्षांनी ते नाव ऐकलं असेल, दादा? शोभाताई. आपल्या दोघांच्या मधली. चौदाव्या वर्षी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिचा एकच फोटो आईनं ट्रंकेत साड्यांच्या खाली घातला आणि त्यानंतर घरात ते नाव कुणी घेतलं नाही. शाळेत तुम्ही भावंडं किती विचारलं की मी दोन सांगायचे. पितृपक्षात गुरुजी बाबांचं नाव विचारायचे, आजोबांचं, पणजोबांचं. पणजोबांना कुणी पाहिलंय? पण त्यांना दरवर्षी खीर. शोभाताईचं कुणी विचारलं नाही. एकदा तूच विचारलंस म्हणे. "कुमारिकेचं वेगळं काही नसतं," असं उत्तर मिळालं.

"पितृपक्ष पुरतो गं," तू मला त्या दिवशी म्हणालास, "पण त्यात आपली शोभा बसत नाही. नोराबाईच्या ताटाला कुणी विचारत नाही, की मुलगा का मुलगी, लग्न झालेलं का न झालेलं, तिथी माहीत आहे का. नाव आठवतंय ना? मग वाढा."

यावर तरी मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. घरी जाताना नवऱ्याला म्हटलं, दादाला एकटं राहून राहून काहीतरी व्हायला लागलंय. अशी मी.

तिसऱ्या वर्षीचं आता लिहिते. हे लिहायलाच बसले होते, उगाच इकडेतिकडे फिरत राहिले.

त्या संध्याकाळी तू दोन घास खाल्लेस आणि थांबलास. मग सांगितलंस. शोभाताईला कावीळ झाली तेव्हा बाबा डबल शिफ्टला, आई मला घेऊन बसलेली, मला गोवर निघाला होता. शोभाताईला न्यायचं काम तुझ्यावर आलं. तिला सायकलवर पुढे बसवून तू कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलंस. सगळे तिथेच नेत होते. तो हातांना चुना चोळायचा, वरून पाणी घालायचा, पाणी पिवळं व्हायचं. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. असे तीन रविवार. "पाणी पिवळं झालं की ती खूश व्हायची, आणि मी पण," तू म्हणालास. चौथ्या आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त विचारलं, इतके दिवस कुठे होता. "दवाखाना वाटेतच होता गं. तिन्ही रविवारी त्याच्यासमोरून सायकल नेली. हँडल नुसतं वळवायचं होतं."

सदतीस वर्षांनी तू हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतास. आणि मी, तुझी सख्खी बहीण, काय म्हणाले? "मग आता दरवर्षी ताटं मांडून ती परत येणार आहे का?"

मला भीती वाटली होती, दादा. रागाचं मी नुसतं झाकण ठेवलं. शोभाताई वाचू शकली असती, हे मला ऐकायचंच नव्हतं. तिचं मरण देवानं दिलेलं होतं तोवर सोपं होतं. पण हे सगळं मला आता कळतंय. तेव्हा मी ते वाक्य तुझ्या तोंडावर फेकलं आणि पर्स उचलली. तू एवढंच म्हणालास, "चकोल्या गार होतायत. जेवून जा." मी जेवले नाही.

तू चिडायला हवं होतंस. मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्यास. पुढची तीन वर्षं एकतीस तारखेला सकाळी तुझा फोन यायचा, "येतेस का संध्याकाळी?" मी म्हणायचे, डब्यांची गडबड आहे. तू म्हणायचास, बरं. एरवी राखीला, भाऊबीजेला आपण हसलो, बोललो, एकमेकांना लाडू दिले. फक्त त्या एका गोष्टीवर दोघांनी पाय दिला नाही. तू आग्रह केला नाहीस आणि मी माफी मागितली नाही. आपल्याला वाटलं, वेळ आहे.

तर यंदा मी ठरवलं. अठ्ठावीस तारखेला बापूला फोन केला, तुझ्या फ्लॅटची किल्ली दे म्हटलं, मला तिथे एकतीसला ताट मांडायचंय. एक तुझं, एक शोभाताईचं. शोभाताईचं मी त्याला फोनवर सांगितलं नाही, नुसतं तुझं सांगितलं. तेवढ्यानंच तो हादरला.

"काय करायलात ताई तुम्ही? मयत झालेल्या घरात वर्षाच्या आत सण करत न्हाईत. दिवाळीला आपण आकाशकंदील सुदिक लावला न्हाई. लोक काय म्हणतील?"

"बापू, हा सण मेलेल्यांचाच आहे. त्यांना कसलं सुतक?"

"पण आपल्यात न्हाई ना तो."

"आपल्यात असता तर मी तुझ्याकडे किल्ली कशाला मागितली असती?"

 तो म्हणाला, "वर्ष होऊ द्या. मग बघू." माझं डोकंच फिरलं. वर्षभर तू कुठे थांबायचंस? कुणाच्या ओसरीवर? ज्यांचं वर्षश्राद्ध होतं त्यांना तरी पुढे पित्रात पान असतं. तुला ना हे ना ते. मी म्हटलं, बापू, किल्ली देणार नसशील तर मी कुलूप तोडीन, आणि सोसायटीला सांगेन माझ्या भावाचं घर आहे. संध्याकाळी तो किल्ली मेसवर ठेवून गेला. माझ्याशी बोलला नाही.

काल साडेपाचला मी तुझ्या घरी गेले. खाली लॉनवर यंदाही थर्माकोलची थडगी उभी केलेली. गाणी लावलेली. चेअरमन मला बघून पुढे आले, ओशाळले, म्हणाले, मॅडम, आवाज कमी ठेवायला सांगतो. मी म्हटलं, आवाज राहू द्या, पण त्या थडग्यांवर कुणाचं तरी नाव लिहा. तुमच्याही घरातलं कुणी गेलं असेल की. त्यांच्या चेहऱ्यावरची पावडर हलली नाही, पण त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

चकोल्या केल्या. तुझ्याच त्या फुटक्या दांड्याच्या पातेल्यात. दोन ताटं मांडली, तुझी खुर्ची वळवली. शेकोटी कुठली, खिडकीकडेच वळवली. दार लोटून ठेवलं. आणि नोराबाईसारखी कुरकुर सुरू केली. डॉक्टरकडे का गेला नाहीस. शोभाताईचा फोटो कुठे ठेवलायस, सापडत नाही. मला पुन्हा एकदा आग्रह का केला नाहीस. रिकाम्या खोलीत माणूस मोठ्यानं बोलायला लागलं की आधी लाज वाटते, मग वाटत नाही.

साडेसहाच्या सुमारास दार ढकललं गेलं. बापू होता. आत आला नाही, चपला न काढता उंबऱ्यावर उभा राहिला. मला वाटलं, भांडायला आलाय. मी तयारच होते. त्यानं आत बघितलं. "दोन ताटं? हे दुसरं कुणाचं?"

"शोभाताईचं."

"कोण शोभाताई?"

 त्याला खरंच माहीत नव्हतं. तो तिच्यानंतर दोन वर्षांनी जन्मला. एकोणचाळीस वर्षं आपल्या घरात, आपल्या लग्नांत, आपल्या पंगतीत वाढला आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं की अशी एक मुलगी होती. त्यात मीसुद्धा आले. मी पाच दिवस त्याला शिव्या घालत होते, आणि ज्या गोष्टीसाठी घालत होते ती त्याच्या कानावर मीच कधी पडू दिली नव्हती.

मग मी त्याला सगळं सांगितलं. ती दोन वेण्या घालायची, मला पाठीवर घेऊन विहिरीपर्यंत जायची, चकोल्यांवर तेल जास्त घेते म्हणून आईची बोलणी खायची. कावीळ. चुन्याचं पाणी. तीन रविवार. सायकल, आणि वाटेतला तो दवाखाना. आणि त्यानंतर मी तुला काय म्हणाले, तेही सांगितलं. ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

बापू मध्ये एकदाच बोलला. "दादा किती वर्षांचे होते तवा?"

"सतरा."

"सतरा?" त्यानं दाराची चौकट धरली. "माझं पोरगं सोळाचं हाय ताई. त्याला अजून स्वतःचा शर्ट इस्त्री करता येत न्हाई. लेकरूच होतं की ओ ते. एवढं सगळं लेकराच्या हातात कशाला दिलं लोकांनी?"

मग त्यानं चपला काढल्या, आत येऊन खाली बसला आणि म्हणाला, "वाढा मला पण." मी वाढलं.

दादा, तू मला सांगितलंस त्याला चार वर्षं झाली. इतक्या दिवसांत जे मला सुचलं नाही, ते या बापूला ऐकता ऐकता सुचलं. तो चकोल्या खात होता आणि मला त्याचा असा राग येत होता म्हणून सांगू! अजून आहे. ‘लेकरूच होतास की तू’, माझं होतं ते वाक्य. तू समोर बसलेला असताना, चकोल्या गरम असताना, मी म्हणायचं होतं.